उद्यानातील मूर्ती आणि सकाळचा प्रहर

छायाचित्रणाची कला जन्मास आली त्या वेळी तिने पहिली मैत्री जोडली ती जिवंत माणसाशी नव्हे, तर दगडाच्या आणि प्लास्टरच्या माणसाशी. दागेरने १८३७ साली आपल्या चित्रशाळेच्या एका कोपऱ्याचे जे चित्र उमटविले त्यात प्लास्टरची शिरे मांडलेली आहेत. पॅरिसमधील इपोलित बायार ह्या सरकारी कारकुनाने पुढील दोन-तीन वर्षांत प्लास्टरच्या लहान-मोठ्या पुतळ्यांची मांडामांड करून त्यांवर आपले प्रयोग चालविले. इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट ह्याने १८४४ ते १८४६ पर्यंत भागाभागांनी प्रसिद्ध केलेल्या 'पेन्सिल ऑफ नेचर' ह्या ग्रंथात एकंदर चोवीस चित्रे आहेत. त्यांपैकी दोन त्याने एकाच अर्धपुतळ्यास, पट्रोक्लसच्या मस्तकास, वाहिली आहेत. ह्या मैत्रीचे मूळ रसिकतेत शोधावयास नको. पुतळा हलत नाही, कंटाळत नाही, आणि पांढरा असल्यामुळे त्या काळच्या मंद रसायनांवरही लवकर उमटतो, इतकेच ते कारण होते.

तथापि टॅल्बट हा केवळ सोय पाहणारा मनुष्य नव्हता. पट्रोक्लसच्या चित्राखाली त्याने जे चार शब्द लिहिले आहेत त्यांत मूर्तीच्या छायाचित्रणाचे बहुतेक सारे शास्त्र बीजरूपाने आले आहे. त्याचे म्हणणे असे की, मूर्ती एकच असली तरी प्रकाश समोरून पडतो की तिरपा, ह्यावर चित्र इतके बदलते की त्यास सीमा नाही. मूर्ती बैठकीवर किंचित फिरविली तरी नवे चित्र मिळते, आणि कॅमेरा जवळ-दूर, वर-खाली केला की आणखी निराळी. कडक उन्हापेक्षा ढगाळ दिवस बरा, कारण उन्हाच्या काळ्याभोर सावल्यांनी आकाराचा घोटाळा होतो. ऊन टाळता येत नसेल तर एका बाजूस पांढरे कापड धरावे, म्हणजे त्यावरून परतलेला उजेड सावलीत शिरतो. आज विजेचे दिवे आणि छत्र्या घेऊन काम करणारा छायाचित्रकारही ह्याहून मूलतः निराळे असे काही करीत नाही.

पण टॅल्बटचा पट्रोक्लस हातांनी उचलून घराच्या अंगणात आणता येत होता. ज्या मूर्ती उद्यानात पिढ्यान् पिढ्या उभ्या आहेत, ज्यांचे चौथरे जमिनीत रुतले आहेत, त्यांचे काय करावयाचे? तेथे मूर्ती फिरवावयाची सोय नाही. फिरतो तो सूर्यच. म्हणून उद्यानमूर्तीच्या छायाचित्रणात 'कोठे उभे राहावे' ह्या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून थोर, असा 'केव्हा उभे राहावे' हा प्रश्न असतो. ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या एका मनुष्याने जवळजवळ पंचवीस वर्षे शोधले त्याच्याविषयी हा लेख आहे. परंतु त्याच्याकडे वळण्यापूर्वी पहिल्या प्रश्नाचा एक निवाडा पाहून घेतला पाहिजे. कारण तो निवाडा एका मोठ्या पंडिताचा आहे, आणि माझ्या मते उद्यानात तो लागू पडत नाही.

हाइनरिश व्ह्योल्फलिन हा स्विस कलेतिहासकार. मूर्तींची छायाचित्रे कशी घ्यावीत ह्या विषयावर त्याने १८९६ व १८९७ साली एका जर्मन कलाविषयक नियतकालिकात दोन लेख लिहिले, आणि १९१५ साली तिसरा. प्राचीन ग्रीक व इटलीतील पुनरुज्जीवनकालीन मूर्तिकारांनी आपल्या मूर्ती एका मुख्य बाजूने पाहण्यासाठीच घडविल्या. त्या बाजूने पाहिले की अवयवांची रेषा स्वच्छ उलगडते, आणि चार पावले बाजूस सरकले की हात धडात बुडतो, पाय आखूड होतो, सारा आकार मुका होतो. असे असता बाजारात विकली जाणारी छायाचित्रे मात्र 'काहीतरी वेगळे' दाखविण्याच्या हव्यासाने तिरकी घेतलेली असतात, ही त्याची तक्रार. ज्यांनी मूर्ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही असे विद्यार्थी ह्याच चित्रांवरून अभ्यास करीत असल्यामुळे तक्रार रास्तच होती. आपल्याकडे पाश्चात्य शिल्पाची ओळख ज्यांना केवळ पुस्तकांतील चित्रांवरून झाली, त्यांनी ह्या लेखांचे मोल विशेष ओळखावे.

पण व्ह्योल्फलिनच्या डोळ्यांसमोर मूर्ती होती ती संग्रहालयातील, भिंतीजवळची, एकाकी. उद्यानातील मूर्ती एकाकी नसते. व्हर्सायचेच उदाहरण घ्या. चौदाव्या लुईने १६६१ पासून तेथील बाग आंद्रे ल नोत्र ह्याच्याकडून आखवून घेतली. १६७४ साली शार्ल ल ब्रं ह्याच्या आराखड्यांवरून संगमरवरी मूर्तींची जी मोठी मागणी नोंदविण्यात आली, तीत चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर, चार महाभूते, चार खंड, चार काव्यप्रकार आणि मनुष्यस्वभावाच्या चार प्रकृती अशा चोवीस मूर्ती होत्या. ही यादीच सांगते की ह्यातली कोणतीही मूर्ती स्वतंत्र वाक्य नव्हे. ते एका लांब वाक्यातील शब्द आहेत. मूर्तीच्या मागे कातरलेल्या झाडांची हिरवी भिंत, पुढे वाळूची वाट, वाटेच्या टोकाशी पाणी, आणि पाहणारा चालत येणारा. चालणाऱ्यास मूर्ती प्रथम दुरून पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते, मग तिरकी, मग समोरून, मग पाठमोरी. ह्यांतली 'खरी' बाजू कोणती हे ठरविण्याचा अधिकार येथे मूर्तिकाराइतकाच माळ्याचाही आहे. समोरून घेतलेल्या चित्रात मूर्ती सापडेल, बाग हरवेल.

आता प्रकाशाकडे वळू. पॅरिस सुमारे ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबराच्या अखेरीस तेथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून अठरा अंशांहून वर चढत नाही, आणि मार्चातील विषुवदिनी मध्यान्हीची उंची एक्केचाळीस अंश भरते. मुंबईत त्याच दिवशी ती एकाहत्तर अंशांवर जाते. ह्याचा अर्थ असा की, आपल्याकडे दुपारी ऊन मूर्तीच्या डोक्यावर कोसळते, भुवयांखाली डोळ्यांच्या जागी दोन काळी भोके पडतात आणि वस्त्राच्या चुण्या पुसून जातात. तिकडे हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर ऊन आडवे येते आणि प्रत्येक चुणीला तिची सावली देते. ज्यांना पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी भायखळ्याच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, जो दगडी हत्ती उभा आहे तो पाहावा. घारापुरीहून आणलेल्या आणि १९१४ साली तुकडे जुळवून पुन्हा उभ्या केलेल्या ह्या हत्तीचा दगड काळसर. बाराच्या उन्हात तो केवळ एक ढीग दिसतो. सकाळी त्याच्या पाठीची आणि गंडस्थळांची गोलाई हळूहळू जागी होते. काळ्या दगडाला कडेने उजेड लागतो. पांढऱ्या संगमरवराचे दुखणे उलट आहे. त्याला उजेड अधिक झाला की तो चुन्याच्या भिंतीसारखा सपाट होतो, आणि त्याला सावलीच जपावी लागते.

ही सावली जपणारा मनुष्य म्हणजे ओझेन आत्झे. त्याचा जन्म १८५७ च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लिबूर्न गावी झाला. लहानपणीच आईबाप गेले, आजी-आजोबांनी वाढविले. काही काळ जहाजावर नोकरी केली, मग नट व्हावे म्हणून पॅरिसच्या नाट्यविद्यालयात शिरला, पण सक्तीच्या लष्करी नोकरीमुळे तो अभ्यास तडीस गेला नाही. फिरत्या नाटकमंडळ्यांतून दुय्यम भूमिका करता करता घशाच्या विकाराने तीही वाट बंद झाली. चित्रकला करून पाहिली, तीत पोट भरेना. तेव्हा, वयाच्या तिशीनंतर, त्याने कॅमेरा घेतला आणि दारावर पाटी लावली ती 'कलावंतांसाठी दस्तऐवज' अशा अर्थाची. चित्रकार, सजावटकार, शिल्पी, नाटकाचे पडदे रंगविणारे अशा लोकांस झाड, दार, जिना, कलश ह्यांची चित्रे नमुन्यादाखल हवी असत. ती पुरविणे हा त्याचा धंदा. १८९९ पासून मरेपर्यंत तो मोंपार्नास भागात कांपान्य-प्रमिएर रस्त्यावरील एकाच घरात राहिला. व्हालांतीन कोंपान्यों ही नटी त्याची जन्माची सोबतीण.

व्हर्सायच्या बागेत तो १९०१ पासून जाऊ लागला. पहिल्या काही वर्षांची चित्रे धंद्याच्या शिस्तीत बसणारी आहेत: मोठ्या संगमरवरी कलशाची मूठ, तिच्यावरील मुखवटा, पानांचा गजरा, मूर्ती समोरून, चौकटीच्या मध्यभागी, मागे शक्य तेवढे कमी. नक्षीकामाच्या कारागिराने चित्र पुढ्यात ठेवून माप घ्यावे, अशा बेताची ती आहेत. व्ह्योल्फलिनने ती पाहिली असती तर त्यास संतोष वाटला असता. परंतु त्याच काळात अधूनमधून दुसरी चित्रेही दिसू लागतात. त्यांत मूर्ती चौकटीच्या कडेला सरकली आहे, वाट तिच्यापासून निघून खोल आत जात आहे आणि अर्धे चित्र निव्वळ झाडांच्या काळोखाने भरले आहे. ही चित्रे कोणत्या गिऱ्हाइकासाठी? नक्षीकारास त्यांचा काही उपयोग नव्हता. मला वाटते, येथे दुकानदाराच्या आड उभा असलेला मनुष्य प्रथम पुढे आला.

त्याच्या साधनांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कारण त्याच्या चित्रांतील पुष्कळसे 'काव्य' साधनांतून आले आहे, आणि ते समजल्याने उणे होत नाही. त्याचा कॅमेरा लाकडी, भात्याचा, तिवईवर ठेवावयाचा. चित्र पडे ते १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेवर, आणि तितक्याच आकाराची प्रत काच कागदावर दाबून, उन्हात ठेवून काढावयाची. लहान, हातात मावणारे कॅमेरे बाजारात आल्यावरही त्याने हे ओझे सोडले नाही. भिंग पुष्कळ वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्यात वाऱ्याने पाने हलली तर झाडाचा धूर होई आणि मूर्ती मात्र स्वच्छ राही. त्या काळच्या साध्या काचा निळ्या उजेडाला चटकन आणि हिरव्या-तांबड्याला फार मंद ओळखत. त्यामुळे आकाश कोरे पांढरे आणि झाडी वास्तवापेक्षा गडद उमटे. पांढऱ्या मूर्तीमागे हिरवी भिंत असावी ही ल नोत्रची योजना; तिला ह्या रसायनाच्या उणिवेने आणखी बळ आले. डोळ्यांस जो भेद पांढरा-हिरवा दिसतो तो काचेवर पांढरा-काळा झाला.

आणखी एक गोष्ट. उंच मूर्ती किंवा झाड चौकटीत यावे म्हणून कॅमेरा वर कलंडविला तर उभ्या रेषा आत झुकतात. तो दोष टाळण्यासाठी कॅमेरा सरळ ठेवून नुसते भिंग वर सरकवीत. आत्झे ते इतके सरकवी की भिंगाच्या प्रकाशाचे वर्तुळ काचेच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचतच नसे, आणि चित्राचे वरचे दोन्ही कोपरे काळे, कमानीसारखे गोल राहत. ह्या काळ्या कोपऱ्यांत काही टीकाकारांस वृद्धत्वाचा विषाद दिसला आहे. मला तो दिसत नाही. तेथे भिंगाचे गणित आहे. मात्र हेही खरे की प्रत काढताना तेवढा भाग कापून टाकणे अगदी सोपे होते, आणि त्याने तो कापला नाही. झाडांच्या कमानीखालून मूर्ती पाहावी तसा काही भास त्या कोपऱ्यांनी होतो, हे त्याच्याही ध्यानात आले असले पाहिजे.

१९१४ च्या महायुद्धात व्हालांतीनचा मुलगा रणांगणावर पडला. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत आत्झेने काम जवळजवळ थांबविले आणि आपल्या काचा तळघरात नेऊन ठेवल्या. १९२० साली त्याने फ्रान्सच्या ललितकला खात्याचे प्रमुख पोल लेओं ह्यांस पत्र लिहिले: आपण जुन्या पॅरिसचा संग्रह वीस वर्षांहून अधिक काळ खपून केला आहे, वय होत चालले, वारस नाही, आणि ज्याला त्याचे महत्त्व कळणार नाही अशाच्या हाती तो पडेल अशी धास्ती वाटते. सरकारने २,६२१ काचा दहा हजार फ्रँकांस विकत घेतल्या. ह्या व्यवहाराने त्याला म्हातारपणी पैसे दिले, आणि त्याहून मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे गिऱ्हाइकापासून सुटका.

त्यानंतरच्या सहा वर्षांतील त्याची उद्यानचित्रे पाहावीत. तो व्हर्सायला पुन्हा गेला, सँ-क्लूच्या बागेत तर वारंवार गेला. सँ-क्लूचा राजवाडा १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात जळाला होता आणि पुढे त्याचे अवशेषही काढून टाकण्यात आले होते. घरधनी गेल्यावर मागे राहिलेल्या अंगणासारखी ती बाग. तेथील तळ्याकाठी उभे राहून घेतलेल्या चित्रांत काठावरची झाडे आणि पाण्यातली झाडे सारख्याच वजनाची आहेत, आणि मधल्या अरुंद पट्टीवर मूर्ती इवल्याशा पांढऱ्या. मूर्ती लहान झाल्या म्हणून गौण झाल्या नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी तो कलशाच्या मुठीपर्यंत जवळ गेला होता. आता तो मागे मागे सरत जाऊन, बागेने मूर्तीला जेथे ठेवले होते तेथे ती दाखवीत होता.

ह्या सर्वांचा कळस 'सो' येथे झाला. पॅरिसच्या दक्षिणेस असलेली ही बाग लुईचा मंत्री कोलबेर ह्याची, आणि आखणी पुन्हा ल नोत्रचीच. क्रांतीनंतर जुना वाडा पाडला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नवा बांधला गेला. पुढे मालकांचे लक्ष उडाले आणि बाग रानात गेली. १९२३ साली सेन प्रांताच्या शासनाने ती विकत घेतली व दुरुस्तीचे काम निघाले. १९२५ च्या मार्चपासून जूनपर्यंत, म्हणजे कुऱ्हाडी आणि कात्र्या आपले काम पुरे करण्यापूर्वी, अडुसष्ट वर्षांचा आत्झे आपली तिवई आणि काचांच्या पेट्या घेऊन तेथे पुनःपुन्हा गेला आणि त्याने सहासष्ट चित्रे घेतली. त्यांतील कित्येकांवर त्याने वेळ टिपून ठेवली आहे: मार्च, सकाळचे सात, मार्च, सकाळचे आठ. पूर्वीच्या हजारो चित्रांवर त्याने स्थळ लिहिले होते, तास लिहिण्याची त्याला सहसा गरज वाटली नव्हती.

मार्चात सकाळी सातला तेथे सूर्य नुकता वर आलेला असतो. हवेत धुके, फांद्या निष्पर्ण, वारा नाही, माणूस नाही. ऊन कित्येकदा समोरून, म्हणजे मूर्तीच्या पाठीमागून येते. छायाचित्रणाच्या प्राथमिक पुस्तकांत ज्याची मनाई असते तेच त्याने येथे केले आहे. अशा उजेडात मूर्तीचा चेहरा सावलीत जातो आणि तिची बाह्यरेषा मात्र उजळून निघते. शेवाळाने काळवंडलेला संगमरवर झाडाच्या खोडासारखा दिसू लागतो, आणि खोड मूर्तीसारखे. दूरची झाडे धुक्यात फिकट होत गेल्याने चित्रास आपोआप तीन-चार पडदे मिळतात, जवळचा काळा, पलीकडचा करडा, त्याहून पलीकडचा नुसता श्वासासारखा. नाटकाचे पडदे रंगविणाऱ्यांस नमुने पुरविणारा आणि स्वतः रंगभूमीवर उभा राहिलेला हा मनुष्य. पडद्यांची ही जाण त्यास कोठून आली ते निराळे सांगावयास नको.

वाल्टर बेन्यामिन ह्या जर्मन विचारवंताने १९३१ साली आत्झेच्या ओसाड रस्त्यांची तुलना गुन्हा घडलेल्या जागेशी केली, आणि ती उपमा फार गाजली. ओसाडपणाचे कारण इतके गूढ मानण्याची मला आवश्यकता वाटत नाही. चालता मनुष्य लांब अवधीच्या काचेवर डागासारखा उमटतो, म्हणून दस्तऐवज करणारा मनुष्य लोक उठण्यापूर्वी घराबाहेर पडतो.

ह्याच काळातील एका दुसऱ्या प्रसिद्ध प्रयत्नाशी तुलना केली म्हणजे आत्झेचे वेगळेपण ठळक होते. १९०८ साली एडवर्ड स्टायकेनने रोदँच्या म्यूदों येथील घरी, उघड्यावर आणून ठेवलेल्या बाल्झाकच्या प्लास्टरच्या पुतळ्याची छायाचित्रे चांदण्यात घेतली. तासतासभर भिंग उघडे ठेवून, रात्री अकरापासून पहाटेपर्यंत. साहित्यिकांच्या ज्या मंडळाने पुतळा मागविला होता त्याने १८९८ साली तो नाकारला होता, आणि ह्या चित्रांनी आपला बाल्झाक जगास कळेल असे रोदँस वाटले. १९११ साली ती 'कॅमेरा वर्क' नियतकालिकात आली. चित्रे भव्य आहेत ह्यात संशय नाही. पण त्यांत पुतळ्याची वकिली आहे; चांदणे, टेकडी, क्षितिज सारे एका माणसाला थोर ठरविण्यासाठी राबविले आहे. आत्झे कोणाचीच वकिली करीत नाही. डाव्या मतांची वृत्तपत्रे वाचणारा, श्रमिकांच्या वर्गांतून नाटकावर व्याख्याने देणारा हा मनुष्य राजेलोकांच्या बागांत पाव शतक हिंडला. त्याने त्यांचा गौरव केला नाही आणि उपहासही केला नाही. १९२६ साली मॅन रे ह्या शेजारच्या चित्रकाराच्या मध्यस्थीने त्याचे एक चित्र अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकाच्या वेष्टनावर छापले गेले, तेव्हा आपले नाव घालू नये, हे केवळ दस्तऐवज आहेत, असे त्याने सांगितले. ह्यास विनय म्हणण्याची प्रथा पडली आहे. मला त्यात विनयापेक्षा आग्रह अधिक दिसतो: चित्र हे त्या मूर्तीविषयी, त्या झाडाविषयी, त्या सकाळी सात वाजताविषयी आहे, माझ्याविषयी नाही, असे सांगण्याचा आग्रह.

त्याच वर्षी जूनमध्ये व्हालांतीन वारली आणि १९२७ च्या ऑगस्टात तोही गेला. मॅन रेच्या चित्रशाळेत काम केलेली बेरेनिस ॲबट ही अमेरिकन तरुणी त्याची चित्रे विकत घेत असे. तिने त्या वर्षी त्याचे छायाचित्र काढले होते. प्रती घेऊन त्याच्या घरी गेली तेव्हा तो गेल्याचे तिला कळले. १९२८ साली तिने राहिलेल्या हजाराहून अधिक काचा व कित्येक हजार प्रती विकत घेतल्या आणि न्यूयॉर्कला नेल्या. चाळीस वर्षे सांभाळल्यानंतर, १९६८ साली, तो संग्रह तेथील आधुनिक कला संग्रहालयाने घेतला. १९८१ ते १९८५ मध्ये त्यावर चार खंड निघाले, त्यांतील १९८३ चा तिसरा खंड ह्या राजबागांस वाहिलेला आहे.

व्हर्सायची बाग तेव्हापासून पुष्कळ बदलली आहे. पाऊस, हिवाळ्याचे दंव आणि हवेतील मळ ह्यांनी झिजलेल्या अनेक मूळ मूर्ती आत हलवून त्यांच्या जागी हुबेहूब प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. २६ डिसेंबर १९९९ च्या वादळात तेथील हजारो झाडे एका सकाळी उन्मळून पडली, आणि त्या जागी नवी लावण्यात आली. सोळाव्या लुईनेही १७७४ ते १७७६ मध्ये सारी बाग तोडून पुन्हा लावविली होती, तेव्हा हे काही पहिलेच नव्हे. आत्झेच्या चित्रांतील उंच, जुनी, मूर्तीवर काळोख धरणारी झाडे एकोणिसाव्या शतकात वाढलेली होती. आजची झाडे वयाने लहान आहेत आणि त्यांच्या सावल्या चौथऱ्यावर निराळ्या ठिकाणी पडतात.